संस्थेचें देणें कोणाकोणास लागतें? गुलमंडीच्या पाण्यावरून एक अभ्यास



आपणांपैकीं पुष्कळ जण आपापल्या गांवीं कोणत्या ना कोणत्या संस्थेचे पंच आहेत. कोणी सेवा सोसायटीच्या संचालक मंडळावर आहे, कोणी दूधसंस्थेचा चिटणीस आहे, कोणी शाळेच्या व्यवस्थापन समितींत आहे. आणि ज्याच्याकडे यांपैकीं कांहींच नाहीं त्याच्याकडे निदान धान्यफंडाच्या कोठाराची किल्ली असते. अशा जागीं बसणाऱ्या मनुष्यास एक प्रश्न वारंवार पडतो, व तो हिशेबाची वही पाहून सुटत नाहीं. संस्था ज्यांच्याशीं देवघेव करिते ते लोक वहींत लिहिलेले असतातच. परंतु तिच्या निर्णयानें ज्यांचें बरें किंवा वाईट होतें ते सगळेच तेथें लिहिलेले नसतात. या सर्वांस मिळून आजकाल हितसंबंधी असें म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे: आपल्या निर्णयाची झळ ज्यास लागते तो. निर्णय करितांना यांपैकीं कोणाचा विचार आधीं करावा, आणि दोघांचें हित एकमेकांच्या आड आलें तर काय करावें, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

असा विषय नुसत्या उपदेशानें समजत नाहीं, म्हणून आम्ही एक घडलेलें उदाहरण घेतों. तें शहरांतलें आहे, तरी त्याचें मूळ खेड्यांत आहे हें पुढें दिसून येईल.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, या शहराच्या जुन्या भागांत गुलमंडी नांवाची पेठ आहे. नांव फुलांच्या बाजाराचें. दुकानें कापडाचीं, भांड्यांचीं व सोन्याचांदीचीं. लग्नसराईंत बस्ता बांधण्यासाठीं आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या कुटुंबांची येथें इतकी दाटी होते कीं पायीं चालणेंहि कठीण पडतें. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं ही पेठ पाहिली असेल. परंतु तेथें दुकानावरच्या माडींत राहणारें कुटुंब नळाचें पाणी कितव्या दिवशीं भरतें, हें गिऱ्हाइकास सहसा ठाऊक नसतें.

या शहरास पाण्याची काळजी पहिल्यापासून आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें खडकी येथें आपलें शहर वसविलें, तेव्हां त्यानें डोंगराच्या पायथ्याचें पाणी जमिनीखालच्या नहरींतून व खापराच्या नळांतून शहराच्या हौदांत आणिलें. पाणी उतारानें आपोआप येई. त्यास पंप नव्हता व विजेचें बिलहि नव्हतें. तो काळ गेला. आतां शहराचें बहुतेक पाणी पैठणच्या जायकवाडी धरणांतून, म्हणजे नाथसागरांतून, येतें. धरण काठोकाठ भरलें असतां त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारें ४६४ मीटर असते, व शहर त्याहून शंभर मीटर उंच आहे. म्हणून प्रत्येक हंडा एवढा वर चढवावा लागतो, आणि चढविण्याचे पैसे पडतात. हें पाणी आणणाऱ्या दोन जुन्या जलवाहिन्या, एक ७०० मिलिमीटर व्यासाची व दुसरी १२०० मिलिमीटरांची, वाढत्या वस्तीस पुऱ्या पडेनात. रोजचें पाणी दिवसाआड झालें, दिवसाआडचें तिसऱ्या-चौथ्या दिवसावर गेलें, आणि २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत शहराच्या कित्येक भागांत आठवड्यानें एकदां नळ येऊं लागला.

हा त्रास पुढें येणार हें महापालिकेस ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्यासाठींच तिनें समांतर जलवाहिनीची योजना हातीं घेतली, व २०११ सालीं एका खासगी कंपनीशीं करार केला. मुदत वीस वर्षांची. प्रकल्पाची किंमत सुमारें ७९२ कोटी रुपये. कंपनीनें नवी मोठी जलवाहिनी घालावी, शहरांतील जुने नळ बदलावे, मीटर बसवावे, पाणी वांटावें व पाणीपट्टीहि वसूल करावी. पाणीपट्टींत दर वर्षीं १० टक्के वाढ व्हावी. आणि महापालिकेनें कंपनीस ठरलेली रक्कम द्यावी, असा त्याचा थोडक्यांत आशय होता. १ सप्टेंबर २०१४ पासून शहराचा पाणीपुरवठा औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनी हिच्या हातीं गेला. लोकांनीं मीटरास विरोध केला, दरवाढीस विरोध केला. काम रेंगाळलें. २०१६ सालीं महापालिकेनें करार रद्द केला व पाणीपुरवठा पुन्हां आपल्याकडे घेतला. मोठी जलवाहिनी झाली नाहीं. दोन्ही पक्षांनीं एकमेकांवर दोष ठेविला. त्यांत कोणाचें किती खरें हा निवाडा करण्याचें काम आमचें नव्हे. पुढें १२ डिसेंबर २०२० रोजीं १,६८० कोटी रुपयांच्या दुसऱ्या योजनेचें भूमिपूजन झालें, आणि तिचा खर्चहि वाढत वाढत २,७०० कोटींच्या वर गेला.

आतां करारावर सह्या कोणाच्या होत्या हें पाहा. एक महापालिका व दुसरी कंपनी. सरकारनें अनुदान द्यावयाचें म्हणून त्याचाहि संबंध. वकिलांनीं या पक्षांचे हक्क व दंड कलमवार लिहिले असतील, आणि त्यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. करार असाच असावा. परंतु करार मोडला तेव्हां काय झालें? कंपनी आपलें भांडवल घेऊन दुसरीकडे जाऊं शकत होती. अधिकाऱ्याची बदली होत होती. नगरसेवकाची मुदत पांच वर्षांची होती. गुलमंडीच्या माडीवरील बाईस मात्र कोठें जावयाचें नव्हतें. तिची सही करारावर नव्हती. आणि करार टिकला काय व मोडला काय, पाणी न येण्याचा भोग तिच्याच वांट्यास आला.

येथें आम्हांस आजच्या पाठाचें वर्म सांपडतें. संस्थेशीं ज्यांचा संबंध येतो त्यांचे दोन वर्ग पडतात. निर्णय चुकला असतां ज्यास निघून जातां येतें तो एक, व ज्यास जातां येत नाहीं तो दुसरा. पहिला बहुधा कागदावर असतो, सभेंत बोलतो, वकील लावितो. दुसरा बहुधा कागदावर नसतो. म्हणून पंचांनीं निर्णयापूर्वीं विचारावयाचा पहिला प्रश्न हा, कीं हें फसलें तर मागें कोण उरेल? जो उरेल त्याचें ऐकणें आधीं झालें पाहिजे, आणि सही होण्याच्या आधीं झालें पाहिजे. सहीनंतरचें ऐकणें म्हणजे समजूत घालणें होय, व समजूत आणि सल्ला यांतला भेद लोकांस लगेच कळतो. मीटराविरुद्ध जी ओरड झाली तींत अडाणीपणा होता असें कित्येक शहाणे म्हणत. आम्हांस तसें वाटत नाहीं. नळास पाणी येण्यापूर्वीं नळावर मीटर येतो असें पाहून कोणाहि मनुष्यास शंका येणारच.

याचा अर्थ, कंपनी परकी म्हणून तिचें देणें बुडवावें, असा कोणी करूं नये. ज्यास निघून जातां येतें त्याचाहि हक्क हक्कच असतो. आपण ज्यास काम सांगितलें त्याचे पैसे वेळेवर देणें, आपल्या वांट्याचें काम करून देणें, व तक्रार असल्यास ती लेखी कळविणें हें प्रत्येक संस्थेचें कर्तव्य आहे. जी संस्था ठेकेदाराशीं खोटी वागते ती पुढें सभासदांशींहि खोटी वागते, कारण संवय एकच. गांवच्या पंचांत एक खोड आम्हीं पाहिली आहे: परगांवच्या गवंड्याचे चार दिवसांचे पैसे अडकवून ठेविणें यास ते काटकसर म्हणतात. ती काटकसर नव्हे. परंतु दिलेला शब्द पाळणें वेगळें, आणि शब्द देतांना दुसऱ्याच्या घरचें पाणी तारण ठेविणें वेगळें. शब्द देण्याआधींचा विचार हाच खरा कठीण भाग आहे.

बरें, नागरिक म्हणजे तरी एकच वर्ग आहे काय? गुलमंडींतच पाहा. पेढीवाला व्यापारी जार विकत घेतो, टँकर मागवितो, मागील चौकांत बोअर खणतो. त्याच्या दुकानीं गठ्ठे वाहणारा हमाल यांपैकीं कांहींच करूं शकत नाहीं. भाड्याच्या खोलींत राहणाऱ्यानें टांकी कोठें बांधावी? आठवड्याचें पाणी सांठविण्यास जागा लागते, व जागा हीहि धनच आहे. शहराच्या कडेस ज्या गुंठेवारी वसाहती आहेत तेथें नळच पोंचला नव्हता अशा कित्येक जागा होत्या; तेथील कुटुंबें टँकरच्या वेळेवर आपला दिवस बांधीत. मजुरीवर जावें कीं टँकरसाठीं थांबावें, हा प्रश्न ज्या घरांत सकाळीं उठून सोडवावा लागतो, त्या घराचें मत पाणीपट्टीच्या सभेंत सहसा ऐकूं येत नाहीं.

पाणीपट्टीचेंच गणित करून पाहूं. दर वर्षींच्या वाढीनें घरगुती नळाची पट्टी वर्षास ४,०५० रुपयांपर्यंत गेली होती. पाणी आठवड्यानें एकदां आलें असें धरलें तर वर्षांत तें ५२ वेळां आलें. म्हणजे एका वेळेस सुमारें ७८ रुपये पडले. रोज पाणी मिळणाऱ्या मनुष्यास हीच पट्टी दिवसास सुमारें ११ रुपये पडली असती. २३ मे २०२२ रोजीं पाण्यासाठीं शहरांत मोठा जल आक्रोश मोर्चा निघाला, व त्याच सुमारास पट्टी निम्म्यावर, २,०२५ रुपयांवर, आणली गेली. लोकांस बरें वाटलें, आणि वाटावें हें योग्यच होतें, कारण न दिलेल्या मालाची पूर्ण किंमत घेणें न्याय नव्हे. पण या निर्णयाची दुसरी बाजूहि पंचानें पाहिली पाहिजे. पट्टी अर्धी झाली म्हणून पंपाचें वीजबिल अर्धें होत नाहीं. राहिलेला अर्धा कोठून तरी भरावा लागतो, आणि तो जर जलवाहिनीच्या दुरुस्तींतून कापला गेला तर ज्यास सवलत दिली त्याच्याच नळाचें पाणी पुन्हां लांबणीवर पडतें. शिवाय चोरून नळ जोडणारा पट्टी भरीतच नाहीं. त्याचा भार प्रामाणिक भरणाऱ्यावर येतो. मोठ्यानें ओरडणाऱ्यास तत्काळ कांहीं तरी देऊन वेळ मारून नेणें हा सर्व संस्थांचा जुना मार्ग आहे, व तो दिसतो तितका दयाळू नाहीं.

महापालिकेच्या व्हॉल्व्ह फिरविणाऱ्या नोकराविषयींहि दोन शब्द. लोकांचा राग पहिल्यानें त्याच्यावर येतो, व निर्णयांत त्याचा हात सर्वांत कमी असतो. संस्थेनें आपल्या चुकीपुढें आपल्या धाकट्या नोकरास उभें करूं नये, एवढेंच येथें म्हणतों.

आतां शहर सोडून पाण्याच्या उगमाकडे चला. जायकवाडीची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें बसविली गेली, व २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांनीं तें धरण राष्ट्रास अर्पण केलें. गोदाकांठचीं शंभरांहून अधिक गांवें त्यासाठीं उठलीं. त्या गांवांची काळी जमीन, विहिरी, मसणवटी, सर्व पाण्याखालीं गेलें. धरण मुख्यतः शेतीसाठीं बांधलें होतें: डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, जालना व परभणीकडे जाणारा, उजवा १३२ किलोमीटर, बीडकडे जाणारा. पुढें शहर वाढलें, वाळूज व चिकलठाणा येथें कारखाने उभे राहिले, आणि त्याच पाण्यावर नवे वांटेकरी आले. गुलमंडीचा नळ, मद्याचा कारखाना व परभणीकडील कालव्याच्या शेपटाकडला शेतकरी हे तिघे एकमेकांस ओळखत नाहींत, पण एकाच घागरींत हात घालून बसले आहेत.

दुष्काळ आला म्हणजे ही ओळख होते. २०१६ च्या एप्रिलांत, जेव्हां लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तेव्हां मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यांत टप्प्याटप्प्यानें ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. इतर कारखान्यांसहि त्याहून कमी प्रमाणांत कपात लागली. पिण्याचें पाणी आधीं, हा न्याय उघड आहे, व कोणी त्यावर वाद घालणार नाहीं. तरी त्या कारखान्यांत रोजानें काम करणारे मजूर होते, व ते बहुतेक मराठवाड्याच्या दुष्काळी गांवांतूनच आलेले असत. योग्य निर्णयाचीहि कोणास तरी झळ लागते. ती कोणास लागेल हें आधीं पाहून ठेवणारी संस्था आणि नंतर वर्तमानपत्रांत वाचणारी संस्था, यांत पुष्कळ अंतर आहे.

याहून अवघड प्रकरण वरच्या धरणांचें. आमचे पुष्कळ वाचक अहिल्यानगर जिल्ह्यांत, राहुरी, नेवासें, संगमनेर या भागांत राहतात. त्यांस हें जवळून ठाऊक आहे. गोदावरी, प्रवरा व मुळा यांवर नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत जीं धरणें आहेत तीं भरलीं आणि जायकवाडी रिकामें राहिलें, असें अनेक वर्षीं झालें. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरण कायद्यानें खोऱ्यांतील पाण्याचें समन्यायी वांटप सांगितलें. २०१४ च्या सप्टेंबरांत प्राधिकरणानें तसा आदेश दिला, व २०१६ च्या सप्टेंबरांत उच्च न्यायालयानें वरून खालीं पाणी सोडण्याचें तत्त्व कायम केलें. ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडींत ६५ टक्क्यांहून कमी साठा असल्यास वरून पाणी सोडावें असें प्रमाण ठरलें. त्यामुळें राहुरीच्या ऊसवाल्याचें आवर्तन आणि गुलमंडीच्या बाईचा हंडा एका सूत्रांत बांधले गेले. वरचा शेतकरी म्हणतो, हें धरण आमच्या बापजाद्यांच्या जमिनी घेऊन बांधलें. खालचा म्हणतो, नदी तुमच्या शिवारांत संपत नाहीं. दोघेहि खरें बोलतात. दोघांसहि निघून जातां येत नाहीं. मग आमच्या कसोटीचें काय?

तिचें उत्तर आम्हांस असें दिसतें. दोघेहि अडकलेले असतील तेव्हां ज्याची हानि परत भरून निघण्याजोगी आहे त्यानें मागें सरावें, आणि त्याची भरपाई संस्थेनें करावी. उसाचें एक आवर्तन चुकलें तर त्याची किंमत रुपयांत मोजतां येते. प्यावयाच्या पाण्याची मोजतां येत नाहीं. पण भरपाईचा शब्द उच्चारून ती न देणें म्हणजे एकाचें घेऊन दुसऱ्यास दान करणें होय. गोदाकांठच्या उठलेल्या गांवांविषयीं तर हेंच देणें अजून मनावर यावें असें आहे. २०११ चा करार झाला तेव्हां त्या लोकांचें नांव काढण्याचें कोणास कारण पडलें नाहीं. ते हितसंबंधी आहेत असें कोणास सुचलेंहि नसेल. तरी शहर जें पितें त्याचें पहिलें मोल त्यांनींच दिलेलें आहे.

येथवर वाचून एखादा पंच म्हणेल, ठीक आहे, यापुढें आम्ही ठरावांत सर्वांचीं नांवें घालूं. एवढ्यानें काम होत असतें तर महाडचा इतिहास घडलाच नसता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, कीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावे. महाडच्या नगरपालिकेनें त्यास अनुसरून १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. वहींत नांव चढलें. तळ्यावर मात्र कोणी जाऊं शकलें नाहीं, कारण जो जाईल त्याच्या पाठीशीं नगरपालिका उभी राहील असें कोणास दिसलें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्याबरोबरचे हजारों लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हां त्यांस मारहाण झाली. आणि त्याच वर्षीं ४ ऑगस्टला नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. पुढें खटला चालून १७ मार्च १९३७ रोजीं उच्च न्यायालयाचा निकाल लोकांच्या बाजूनें लागला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षें गेलीं. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या आज्या-पणज्यांनीं अशाच एखाद्या पाणवठ्याच्या दूर उभें राहून कोणी वरून पाणी घालील म्हणून वाट पाहिली आहे. त्यांस हें अधिक सांगणें नको. दुर्बळाचा हक्क लिहून ठेविणें संस्थेस स्वस्त पडतें. त्याच्या हक्काकरितां बलवानाची नाराजी सोसण्याची वेळ येते तेव्हां ती संस्था कोणाची आहे हें कळतें. महाडच्या नगरपालिकेस तेथें राहणाऱ्या बोलक्या लोकांचें भय वाटलें, व तिनें त्या भयास सार्वजनिक हित असें नांव दिलें असावें, असा आमचा तर्क आहे. असें नांव देणारे पंच आजहि मिळतात.

उलट बाजूचें एक उदाहरण पुणें जिल्ह्यांतील आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीचें काम आरंभिलें. तेथें पाणी जमिनीच्या मापानें न देतां माणसांच्या मापानें द्यावयाचें ठरलें: दर माणशीं अर्ध्या एकरापुरतें, व एका कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें. ज्यास जास्त जमीन त्यास जास्त पाणी, हा सर्वत्र चालणारा न्याय तेथें चालला नाहीं. भूमिहीनासहि पाण्याचा वांटा मिळाला. दुसऱ्याची जमीन वांट्यानें करून तो तें वापरूं शके. उसास पाणी द्यावयाचें नाहीं असा नियम झाला. सभासदांनीं खर्चाचा पांचवा हिस्सा स्वतः घालावा असेंहि ठरलें, म्हणजे फुकटाची ओढ राहिली नाहीं. आणि एखाद्यानें आपली जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाहीं, तो योजनेकडे परत येईल, असा निर्बंध ठेविला.

या शेवटच्या नियमाकडे वाचकांनीं नीट पाहावें. जो गांव सोडून जातो तो पाणी घेऊन जाऊं शकत नाहीं. जो मागें राहतो त्याच्यासाठीं तें राहतें. नियम करणाऱ्यांनीं प्रथम भूमिहीनाकडे पाहिलें, आणि मोठ्या शेतकऱ्याशीं बोलणें मागाहून केलें असें दिसतें. मोठ्या शेतकऱ्यास हें सर्व गोड वाटलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. त्यास गांवांत विहीर होती, इंजिन होतें, उसाची आशा होती. तरी त्याचा हक्क नाकारला गेला नाहीं. त्याच्या कुटुंबांत जितकीं माणसें तितका त्याचा वांटा होता, शेजाऱ्याइतकाच.

अभ्यासवर्गांत विचार करण्यासाठीं आम्ही एक कल्पित प्रकरण देतों. एका गांवच्या दूधसंस्थेंत साठ घरें दूध घालतात. दहा घरांचें दूध रोज दहा लिटरांच्या वर असतें. पंधरा घरांचें दोन लिटरांच्या आंत, व त्यांत चार विधवा आहेत. बाहेरचा एक खरेदीदार सांगतो, तुम्ही मला पांच लिटरांच्या आंतलें दूध गोळा करण्याची खटपट करावयास लावूं नका, म्हणजे मी लिटरामागें दोन रुपये अधिक देईन. बोली एका वर्षाची. दहा मोठीं घरें म्हणतात, हें न स्वीकाराल तर आम्ही शेजारच्या गांवीं दूध घालूं. तीं गेलीं तर संस्थेची गाडी चालविणें परवडणार नाहीं, हेंहि खरें आहे. चिटणिसाच्या मतें सर्वसाधारण सभेंत बहुमत खरेदीदाराच्या बाजूनें पडेल. वर्गानें ठरावाचा मसुदा प्रत्यक्ष लिहावा. आणि लिहितांना त्या पंधरा घरांचें म्हणणें कोणी, कोठें जाऊन व सभेच्या किती दिवस आधीं ऐकिलें, हेंहि मसुद्यांत नमूद करावें.